विचारले तेवढेच

९ जानेवारी

प्रिय दादा,

फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि मी दिवसभर त्या हं-हंचा अर्थ लावत बसते, म्हणून हे पत्र. पत्राला मात्र तू उत्तर देतोस. न देणं तुझ्या शिस्तीत बसत नाही.

बातमी अशी, की मेच्या शेवटच्या आठवड्यात मी तुझ्या शहरात येते आहे. आतड्यातल्या चेतापेशींवर काम करणाऱ्यांचं संमेलन आहे. माझं व्याख्यान सकाळी, त्यानंतरची दुपार मोकळी. त्या दुपारी मला तुझ्या घरी जेवायचं आहे. राहायला जागा नको, गाडी नको, शहर दाखवायला नको. एक जेवण. तू, वहिनी आणि मी. आणि उकडलेले बटाटे.

बटाट्यांची आठवण काल प्रयोगशाळेत झाली. उंदराच्या आतड्याचा बोटभर तुकडा आम्ही कोमट खारट पाण्यात ठेवतो, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडतो. शरीरापासून वेगळा, मेंदूशी काही संबंध उरलेला नाही, तरी तो तुकडा चालतच असतो. वरून आवळतो, खाली सैल सोडतो, लाट पुढे ढकलतो. भिंतीच्या आत पेशींचं जाळं असतं, त्यांचं त्या आपापसांत ठरवतात. नवी विद्यार्थिनी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण याला सांगतंय कोण?"

मला मावशी आठवली. शाळेसाठी मी तुमच्याकडे राहायला आले त्या पहिल्या थंडीत माझं पोट दुखत होतं, मी रडत होते. मावशीनं कामं टाकून माझ्या पोटाला कान लावला. म्हणाली, "काही नाही, आत कामं चालली आहेत." मी विचारलं, "कोण करतं?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मोठी झालीस की विचारून सांग मला." आणि तू तिकडून म्हणालास, "हिला आजपासून प्रश्नपत्रिकाच म्हणायचं."

मावशी गेल्यानंतर आपण दोघं एका टेबलाशी नीट जेवलोच नाही. तीन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे येऊन गेलास, ते जेवण मी जेवण धरत नाही. तर दादा, दुपार राखून ठेव.

तुझी,
प्रश्नपत्रिका


२३ जानेवारी

चि. प्रश्नपत्रिकेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. व्याख्यानाबद्दल मनापासून अभिनंदन. आईच्या हाताखाली बटाटे सोलणारी मुलगी जगभरच्या विद्वानांसमोर उभी राहणार, याचा मला किती अभिमान आहे हे मी शब्दांत मांडत नाही, कारण मांडू लागलो की अतिशयोक्ती होईल आणि ती मला जमत नाही.

जेवणाविषयी मात्र आताच स्पष्ट लिहिलेले बरे. मेअखेर म्हणजे आमच्याकडे लेखापरीक्षणाचे दिवस. तपासनीस येऊन बसलेले असतात आणि मुख्य लेखापालाने जागेवर असावे अशी अपेक्षा असते. पूर्ण दुपारचे आश्वासन देऊन ते मोडण्यापेक्षा न दिलेले चांगले. तुझ्या व्याख्यानाला मी येईन, शेवटच्या रांगेत बसेन आणि नंतर सभागृहाच्या पायऱ्यांवर आपण पोटभर बोलू.

तुझ्या पत्रातील एका विधानाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. त्या दिवशी पोट तुझे दुखत नव्हते, माझे दुखत होते. तू खिडकीच्या धुरकटलेल्या काचेवर बोटाने मांजर काढत होतीस, तेवढ्यात मी तुझ्या ताटातील बटाटा उचलून एका घासात गिळला आणि तो मला बाधला. आईने कान लावला तो माझ्या पोटाला. ते पाहून तू "माझंही ऐक, माझंही ऐक" म्हणून भोकाड पसरलेस, तेव्हा तिने तुझ्याही पोटाला कान लावला. "कोण करतं?" हा प्रश्न मात्र तुझाच. त्याचे श्रेय मी घेणार नाही.

ते स्वयंपाकघर मला अजून इंचाइंचाने आठवते. भिंतीला लागून असलेला बाक, त्याचा एक पाय आखूड. निळ्या काठाची एनॅमलची ताटे. पातेल्यावरचे झाकण आई उचलायची आणि वाफेत तिचा चेहरा नाहीसा व्हायचा. आपण म्हणायचो, "गेली." आणि वाफेतून ती म्हणायची, "कुठं जाते? तुम्हाला वाढायचं कोणी?"

तुझी वहिनी बरी आहे. स्वयंपाकातला तिचा उत्साह अलीकडे कमी झाला आहे, तेवढे सोडले तर सर्व ठीक.

तुझा,
दादा


५ फेब्रुवारी

दादा,

मेमधल्या एका दुपारसाठी तुला जानेवारीतच वेळ नाही. कमाल आहे तुझ्या नियोजनाची.

मी भांडायला लिहीत नाही. पण इतकी वर्षं जे मनात आहे ते एकदा लिहून टाकते, म्हणजे तुला पायऱ्यांवर माझ्याशी पोटभर बोलायची वेळ यायला नको.

तू माझ्यावर रागावलेला आहेस. मावशी आजारी होती तेव्हा मी आले नाही म्हणून. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच काचेच्या बशीत आतड्याच्या कोवळ्या चेतापेशी वाढवत होतो. एकीनं दुसरीकडे धागा टाकला, दुसरीनं तिसरीकडे, आणि एके सकाळी रंग दिल्यानं हिरव्या दिसणाऱ्या त्या जाळ्यातून पहिली हालचाल दिसली. मी नाचायची बाकी होते. त्याच आठवड्यात तुझा निरोप आला, मावशी गेली. मी आले तेव्हा स्वयंपाकघर पुसून कोरडं केलेलं होतं. तिनं शेवटी माझी आठवण काढली का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. आजवर झाली नाही.

मग तू माझ्या घरी आलास. मी आदल्या दिवसापासून खपत होते. तू दोन घास खाल्लेस, पाण्याचा पेला उचललास, ठेवलास, आणि एक शब्द न बोलता उठून बाहेर जिन्यात गेलास. मी हातात डाव घेऊन उभी. परत आलास तो डोळे लाल, आणि म्हणालास, "झालं माझं." माझ्या घरचं अन्न तुला गोड लागलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. वहिनीसुद्धा खाली मान घालून बसल्या होत्या. तू, जो माझ्या ताटातलं पळवून खायचास.

आता जेवायला पुन्हा विचारणार नाही. तब्येत कशी आहे तेवढं कळव.

तुझी बहीण


१६ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस कार्यालयात चुकीच्या कागदांवर सह्या केल्या. मी रागावलेलो नाही. कधीही नव्हतो. हे वाक्य तू हवे तितक्या वेळा वाच. त्यात कोणतीही अट दडलेली नाही.

आईने आठवण काढली का, हे तू कधी विचारले नाहीस, म्हणून मी सांगितले नाही. आज विचारलेस असे धरतो. काढली. मी तुला बोलावणे धाडायला निघालो होतो, तर तिने माझा हात धरून बसवले. म्हणाली, "तिला नको बोलावूस. तिनं मला विचारून सांगायचं कबूल केलंय. अर्धवट उठून आली तर कोण सांगणार मला?" मी म्हटले, "आई, ती कामं कोण करतं ते कळून तुला आता काय करायचंय?" तर म्हणते, "आयुष्यभर पोटं भरली मी, मला नको कळायला?" शेवटचे मोठे वाक्य तिचे ते. त्यात तुझ्यावर राग कुठे आहे ते तू शोध. मला सापडलेला नाही.

पान टाकून उठलो हे खरे. राग नव्हता हेही खरे. यापेक्षा अधिक तू विचारले नाहीस.

ही माझी सवय तुला विचित्र वाटेल, पण ती माझ्या व्यवसायाची आहे. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: तपासनीस विचारतील तेवढेच उत्तर द्यायचे. खोटे बोलायचे नाही, लपवायचे नाही, पण न विचारलेले वाढायचे नाही. गेल्या वर्षी आमच्या एका नव्या कारकुनाने आपण होऊन सांगितले की साहेब, वरच्या मजल्यावर आणखी एक कपाट आहे. त्या कपाटाची किल्ली शोधण्यात आठवडा गेला. निघाले काय, तर जुने पडदे.

प्रकृतीविषयी विचारलेस. ठीक आहे. अंगाने थोडा उतरलो आहे, शिंप्याने परवा माझी विजार परत केली आणि म्हणाला, "साहेब, आता नवी शिवा. हिला आत घ्यायला कापड उरलं नाही." जेवणानंतर कार्यालयाच्या लांब व्हरांड्यात ताठ मानेने फेऱ्या मारतो, त्यामुळे नवे लोक मला व्यायामाचा शौकीन समजतात. रात्री उशांची चळत करून टेकून झोपतो. तुझी वहिनी म्हणते, "तुम्ही झोपता की खुर्चीत बसता, एकदा ठरवा." घासागणिक पाणी पितो याचाही तिला राग येतो. तिला वाटते, तिच्या हाताची चव गेली. तसे नाही, हे मी तिला सांगितले आहे. का, ते तिने विचारले नाही.

बाकी क्षेम.

तुझा,
दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

मावशीचं वाक्य मी कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. त्याच्याविषयी आज लिहीत नाही. लिहायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही, आणि दुसरं आज जास्त महत्त्वाचं आहे.

तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी आधी हसत वाचला. शिंपी, उशा, व्हरांडा. मग तो पुन्हा वाचला आणि हसू थांबलं. आता मी काय लिहिते ते शांतपणे वाच.

विचारलं तेवढंच उत्तर, हा तुझा नियम ना? मग विचारते. मी तुझी प्रश्नपत्रिका आहे, आणि मधल्या तीन वर्षांत रुसून बसल्यामुळे मी एकही प्रश्न विचारला नाही.

घास छातीच्या मध्ये अडकतो का? फक्त कोरडा घास अडकतो, की पातळही? पाणी? अडकला की तू काय करतोस: उभा राहतोस, मान ताठ करतोस, वर पाणी ओततोस? काही वेळानं तो एकदम सुटून खाली गेल्यासारखा वाटतो का? खाल्लेलं तसंच्या तसं, आंबट न होता, तोंडात परत येतं का? आडवा झाल्यावर येतं का? उशा त्यासाठी आहेत का? छातीत कळ येते का? डॉक्टरांना दाखवलंस का, आणि त्यांना यातलं काय काय सांगितलंस? आणि त्या दिवशी तू माझ्या जिन्यात का गेलास?

प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर हवं. "ठीक" हे उत्तर धरलं जाणार नाही.

प्रश्नपत्रिका


१ मार्च

चि. प्रश्नपत्रिकेस आशीर्वाद.

तुझ्याच क्रमाने उत्तरे देतो.

घास छातीच्या मध्यावर अडकतो. कोरडाही आणि पातळही. पाणीसुद्धा, आणि हे पहिल्यापासून. अडकल्यावर मी उभा राहतो, खांदे मागे घेतो आणि वर पाण्याचा भार टाकतो. पुष्कळदा त्या भाराने खालचे काहीतरी उघडते आणि सगळे एकदम उतरते. म्हणूनच व्हरांडा. खाल्लेले परत येते. त्याला आंबटपणा नसतो. भात भातासारखाच असतो. आडवे झाल्यावर हमखास. उशा त्यासाठीच. कळ येते, रोज नाही.

डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारले, छातीत जळजळ होते का. अधूनमधून होत होती, म्हणून हो म्हटले. त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला विचारले, गोळ्या घेता का. घेत होतो, म्हणून हो म्हटले. त्यांनी घास अडकतो का असे विचारले नाही. हे आता कागदावर लिहिताना मला ते किती मूर्खपणाचे दिसते आहे, हे तू लिहून कळवण्याची आवश्यकता नाही.

जिना. दुसऱ्या घासाला अडकले. वर पाणी घेतले, तर तेही वरच राहिले. तुझ्या टेबलावर, तू इतक्या हौसेने मांडलेल्या ताटासमोर, ते बाहेर येणार हे मला कळले. तुझ्या जिन्यात वळणावर एक मोठी कुंडी होती. मी तिची क्षमा मागतो. त्यातले रोपटे पुढे जगले का?

त्यानंतर मी लोकांत जेवणे सोडले. लग्नकार्यात मी उभ्याने सरबताचा पेला हातात धरून फिरतो. सगळ्यांना वाटते, याचे जेवण झाले. तुला मेमध्ये नाही म्हटले ते लेखापरीक्षणामुळे नव्हे. तुझ्यासमोर बसून बटाट्याचा एक तुकडा मला उतरवता आला नसता आणि तू ते पाहिले असतेस.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगतो. मला भीती वाटते. हे काय आहे, त्याचे नाव मला माहीत आहे असे मी धरून चाललो आहे, आणि ते नाव कोणी मोठ्याने उच्चारू नये म्हणून मीही कोणाला काही विचारले नाही. तुझ्या वहिनीला यातले काही ठाऊक नाही. ती रोज चव बदलून पाहते आणि मी रोज दोन घासांवर उठतो.

दादा


६ मार्च

दादा,

रोपटं मेलं. मी पाण्याला दोष दिला होता.

तुझ्या मनातलं नाव मीच मोठ्यानं उच्चारते, म्हणजे ते खोलीत येऊन बसेल आणि आपल्याला दिसेल. कर्करोग. तो आहे की नाही हे डॉक्टर दुर्बीण घालून बघतील, बघायलाच हवं, मी इथे बसून नाही म्हणू शकत नाही. पण तू लिहिलंस त्यातलं एक वाक्य मला धीर देतं: पहिल्यापासून पाणीसुद्धा. गाठ वाढत असेल तर बहुधा आधी जाड घास अडतो, पाण्याची पाळी पुढे येते. तुझ्या वर्णनावरून मला दुसरंच काही दिसतं आहे, आणि ते मी रोज पाहते.

अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. त्याच्या भिंतीत त्याच चेतापेशी असतात, ज्यांच्यावर माझा जन्म गेला. त्यातल्या काही म्हणतात आवळ, काही म्हणतात सैल सोड. घास आला की सैल सोड म्हणणाऱ्या बोलतात आणि दार उघडतं. काही माणसांत या दुसऱ्या पेशी हळूहळू नाहीशा होतात. का, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. दार 'सैल सोड' म्हणणाऱ्यांची वाट पाहत मिटलेलं राहतं. मग माणूस उभा राहतो, खांदे मागे घेतो, पाण्याचा भार टाकतो. अगदी तुझ्यासारखा.

अशा माणसांच्या स्नायूंचे काप आमच्याकडे तपासायला येतात. निरोगी कापात हिरव्या ठिपक्यांचं जाळं दिसतं, रात्री दुरून वस्ती दिसावी तसं. यांच्या कापात जाळं असतं, दिवे नसतात. किती वर्षं मी त्या अंधाराकडे बघते आहे. आणि माझ्या टेबलावरून असाच एक माणूस उठून गेला, तर मी डाव हातात धरून ठरवलं की हा रुसला. माझ्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही पोरीनं इतका कच्चा निष्कर्ष काढला असता तर मी तिला घरी पाठवलं असतं.

आता ऐक. पोटाच्या डॉक्टरांकडे जा, आधीच्या नव्हे, विशेषज्ञाकडे. ते पांढरं औषध पाजून क्ष-किरण काढतील, दुर्बीण घालतील, नाकातून एक बारीक नळी सोडून आतला दाब मोजतील. ती नळी त्रासदायक आहे, गोड बोलणार नाही. आणि तिथे तुझा नियम घराबाहेर ठेव. ते विचारोत न विचारोत, सगळं सांग. कपाटातले पडदेसुद्धा दाखव.

आणि वहिनींना आज सांग. हे पत्र खाली ठेवलंस की.

तुझी प्रश्नपत्रिका


४ एप्रिल

चि. प्रश्नपत्रिकेस अनेक आशीर्वाद.

अहवाल पुढीलप्रमाणे.

तुझे पत्र खाली ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि तुझ्या वहिनीला सांगितले. तिने गॅस बंद केला. सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं." मी म्हटले, "नव्हतं." ती म्हणाली, "आणि मी इतके दिवस मसाले बदलतेय, दुकानदार बदलला, पातेली बदलली. तुम्ही नुसते बघत होतात?" मी म्हटले, "तू विचारलं नाहीस." यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्याजोगे नाही. नंतर ती पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला इतके हलके झालेले क्वचित पाहिले आहे, आणि ते माझ्या दुखण्यामुळे व्हावे याचे मला नवल वाटले.

विशेषज्ञ तरुण आहेत. त्यांनी विचारले, "काय होतंय?" मी उभा राहून, तुझी प्रश्नावली हातात धरून, आरंभापासून सर्व सांगितले. मध्ये त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, तरी मी थांबलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, "डॉक्टर, एवढं तर हे लग्न ठरवतानाही बोलले नव्हते." तुझ्या जिन्यातील कुंडीचाही उल्लेख झाला.

दुर्बिणीत गाठ नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे.

क्ष-किरणात माझी अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली एकदम निमुळती झालेली दिसते. डॉक्टर म्हणाले, "पक्ष्याची चोच दिसते ना, तशी." मला ती तू काचेवर काढायचीस त्या मांजराच्या शेपटीसारखी दिसली, तुझी मांजरे कधीच नीट जमत नसत. नाकातून नळी गेली. तू गोड बोलली नाहीस हे योग्यच केलेस. तुझे निदान बरोबर निघाले. आतून दुर्बिणीच्याच वाटेने जाऊन ते कडे चिरतात, पोट उघडावे लागत नाही, असे ते म्हणाले. या महिन्याच्या अखेरीस दाखल व्हायचे आहे. ऐन लेखापरीक्षणाच्या तोंडावर मी रजेचा अर्ज दिला, तेव्हा साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांना वाटले, खाली दुसऱ्याच कोणाची सही असेल.

आता माझा एक प्रश्न. नाहीशा झालेल्या त्या पेशी परत येतील का? तू बशीत वाढवतेस, त्यांतल्या थोड्या मला देता येणार नाहीत का?

दादा


११ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं चौथ्या परिच्छेदातलं वेगळं लिहिलेलं वाक्य वाचलं आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना चहा पाजला. कारण कोणाला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं देते. त्या पेशी परत येत नाहीत. शस्त्रक्रियेनं दार उघडं होतं, पण दारावरची माणसं परत येत नाहीत. घास ढकलणारी लाटही पूर्वीसारखी येणार नाही. तो आपल्या वजनानं उतरेल, म्हणून तू ताठ बसून, सावकाश, चावून खायचंस. पातळ आधी, बाकीचं डॉक्टर म्हणतील तेव्हा. बशीतल्या पेशी भिंतीत रुजवता येतील का, हेच माझं काम आहे. उंदरात कुठे कुठे रुजतात. माणसापर्यंत पोचायला वेळ लागेल, कदाचित माझ्यानंतरचं कोणी पोचवेल. मावशीला मी "विचारून सांगते" म्हटलं होतं. कोण काम करतं ते आता सांगता आलं असतं. ते काम करणारे गेले तर परत कसे आणायचे, हे अजून विचारतेच आहे.

मेमध्ये तुझी दुपार मागत नाही. तुला जमेल तेवढं जमेल. मी येऊन नुसती तुझ्याजवळ बसेन.

प्रश्नपत्रिका


३ जून

प्रिय दादा,

सुखरूप पोचले. व्याख्यानाविषयी तू काही बोलला नाहीस, पण शेवटच्या रांगेत तू चष्मा पुसत होतास ते मला मंचावरून दिसत होतं. निरोगी जाळ्याचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा तू वहिनींच्या कानात काहीतरी म्हणालास. त्यांनी मला नंतर सांगितलं: "आईला हे दाखवायला हवं होतं."

तुझ्या घरचं ते जेवण मी इथे येऊन रोज जेवते आहे. वहिनींनी झाकण उचललं आणि वाफेत त्यांचा चेहरा नाहीसा झाला. तू आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही तोंड मिटून घेतलं. बटाटा इतका मऊ, की काट्यानं दाबताच पसरला. तू ताठ बसलास, शाळेआधी मावशी आपल्याला जेवायला बसवायची तसा. पहिला घास घेतलास. वहिनी आणि मी दोघी श्वास धरून बसलो होतो, तर तू म्हणालास, "अशा बघत बसलात तर मी जिन्यात जाऊन जेवीन."

तो उतरला. मला तो उतरताना दिसला, दादा. मी आयुष्यभर उंदराच्या आतड्यातल्या लाटा मोजल्या, पण एवढ्या काळजीनं कोणताच घास उतरताना पाहिला नव्हता. तुझ्यात लाट नव्हती, नुसतं वजन होतं, तरी तो गेला.

मग मी डोळे पुसायला खिडकीकडे वळले. काच वाफेनं धुरकटली होती, म्हणून बोटानं एक मांजर काढलं. परत वळले तर माझ्या ताटातला बटाटा नव्हता, आणि तू भिंतीकडे बघत फार सावकाश काहीतरी चावत होतास. मी पाहिलं. विचारलं नाही.

तुझी,
प्रश्नपत्रिका


११ जून

चि. प्रश्नपत्रिकेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मजकूर साधारणपणे बरोबर आहे. एका विधानाची मात्र दुरुस्ती करणे आवश्यक आहे.

ताटातला बटाटा एक नव्हता, दोन होते. दुसरा तू मांजराची शेपटी काढत असताना उचलला. सावकाश चावून खाल्ला. उतरला.

हे तू विचारलेले नव्हतेस.

तुझा,
दादा